पाच पाकळ्यांची फिर्याद

घरच्या बागेतला गुलाब हा आज आपल्या सुखवस्तू कुटुंबांतला सर्वांत आजारी सभासद आहे, असे मी म्हटले तर पुष्कळ मंडळींना राग येईल. येऊ द्या. दिवाळीच्या फराळात सगळेच गोड असले तर त्याची गोडी राहत नाही. एखादी चकली झणझणीत निघाली म्हणून कोणी ताटावरून उठत नाही.

पावसाळा सरला, ऑक्टोबरचे ऊन पडले, की आमच्या पुण्यात घरोघरच्या सिकेटरी बाहेर निघतात. गुलाबांची छाटणी होते आणि तिच्या पाठोपाठ औषधांच्या बाटल्या येतात. पानांवर काळे ठिपके पडले, एक औषध. भुरी आली, दुसरे. मावा, फुलकिडे, लाल कोळी, खवले कीड यांच्यासाठी तिसरे, चौथे आणि पाचवे. रविवारी सकाळी घरातले कर्ते गृहस्थ नाकाला रुमाल बांधून, हातात पंप घेऊन गच्चीवर उभे राहतात. आणि त्याच कुंड्यांपाशी दुपारी नातवंडे भातुकली मांडतात, पानांचा भात करतात, पाकळ्यांची भाजी करतात. ज्या झाडाजवळ जाताना आजोबांना नाक झाकावे लागते, ते झाड नातीच्या खेळात कसे चालते, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. कारण गुलाब म्हटला की हे सगळे आलेच, अशी आपली ठाम समजूत आहे.

ती समजूत खोटी आहे, एवढेच सांगण्यासाठी हा लेख. गुलाब जात्या रोगट नाही. आपण निवडलेला गुलाब रोगट आहे. गुलाब प्रदर्शनाकडे पाहून न लावता जमिनीकडे पाहून लावावा आणि जिथे त्या हवेचा, त्या पाण्याचा रानगुलाब मिळत असेल तिथे बागेतली मानाची जागा त्याला द्यावी, असे माझे म्हणणे आहे.

आधी एक गोष्ट साफ सांगते. तळेगाव-मावळाकडे पॉलिहाउसांत जे शेतकरी फेब्रुवारीच्या बाजारासाठी डच गुलाब पिकवतात, त्यांच्याशी माझे भांडण नाही. ते त्यांचे पीक आहे, त्यावर त्यांची चूल पेटते. ऊस लावणाऱ्याशी मी जशी भांडत नाही तशीच त्यांच्याशीही नाही. माझे भांडण आहे ते हौसेने गुलाब लावणाऱ्या आणि हौसेला कर्तव्य समजून बसलेल्या तुमच्या-आमच्याशी.

ही हौस घडवली कोणी? प्रदर्शनांनी. प्रदर्शनातल्या गुलाबाचे नियम लग्नाच्या बाजारातल्या नियमांसारखे असतात. कळी उंच हवी, मध्य टोकदार हवा, पाकळ्या चहूकडून सारख्या वळलेल्या हव्यात, दांडा छडीसारखा सरळ हवा. वास असला तर बरे, नसला तरी चालेल. झाड निरोगी आहे की औषधांवर तगले आहे, याची चौकशी नाही, कारण झाड घरी असते आणि फूल तेवढे बाटलीत येते. काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रदर्शनात मी तिथल्या एका जाणकार गृहस्थांना विचारले, “रानगुलाबांसाठी आपल्याकडे वेगळा वर्ग नाही का?” ते हसले. म्हणाले, “रानगुलाब? अहो काकू, त्यांचा आम्ही खुंट करतो!”

त्यांनी थट्टा केली. पण त्या थट्टेत ते खरे बोलून गेले. तुम्ही रोपवाटिकेतून आणलेला गुलाब बहुधा दोन झाडांचे एक झाड असतो. खाली एका रांगड्या गुलाबाचा खुंट, आणि त्यावर डोळा भरून वाढवलेला नाजूक, नामांकित वाण. आपल्याकडे खुंटासाठी वापरल्या जाणाऱ्यांपैकी रोझा मल्टिफ्लोरा हा मुळात पूर्व आशियातला रानगुलाब. म्हणजे मातीत राबायचे, पाणी ओढायचे, मुळाशी येणारे दुखणे सोसायचे ते रानगुलाबाने. आणि वर रेशमी पदर मिरवायचा तो दुसऱ्याने. कधी तरी हा खालचा बिचारा उसळून वर येतो. डोळा भरलेल्या जागेच्या खालून एक कोवळी फूट निघते, तिची पाने बारीक आणि संख्येने अधिक असतात. ती दिसली रे दिसली की आपण म्हणतो, “जंगली फूट आली, काढा!” कलम टिकवावयाचे तर ती काढावीच लागते, हे मलाही कळते. पण ज्याच्या जिवावर गुलाबबाग उभी आहे त्याचे फूल कसे असते, हे पाहण्याची इच्छासुद्धा आपल्याला जन्मात एकदाही होऊ नये?

तर ते फूल कसे असते, ते सांगते. जगात गुलाबाच्या मूळ रानटी जाती दीडशेच्या आसपास आहेत. वृत्तपत्रांत अमुक उद्यानात गुलाबाच्या हजार ‘जाती’ आहेत असे छापून येते, त्या जाती नव्हेत. माणसाने संकराने आणि निवडीने केलेले ते वाण. खऱ्या रानगुलाबाला, एखादा अपवाद सोडला तर, पाकळ्या पाच. मध्ये पिवळ्या पुंकेसरांची दाट झुपकेदार चकती. बागेतल्या गुलाबाला चाळीस-पन्नास पाकळ्या येतात त्या आकाशातून पडत नाहीत. पुंकेसरांच्याच बव्हंशी पाकळ्या झालेल्या असतात. गुलाबाच्या फुलात मध जवळजवळ नसतोच. मधमाशी येते ती परागासाठी. आपण परागाची पाकळी केली आणि ती पाकळीही इतकी घट्ट मिटवली की माशीला आत शिरता येऊ नये. माणसाच्या डोळ्यांसाठी मांडलेले हे ताट, त्यात माशीच्या वाट्याला काही उरत नाही. रानगुलाबाच्या उघड्या पाच पाकळ्यांत मात्र सकाळी सहा वाजल्यापासून पंगत बसते. फूल गळल्यावर त्याला फळ धरते, ते पिकले की पाखरे येतात. ज्याला बाग म्हणतात तिच्यात एवढी तरी वर्दळ असावी की नाही?

आता कोणी म्हणेल, “रानगुलाब इंग्लंड-युरोपातल्या कुंपणांवर असतील, आपल्या देशात कुठले?” हा प्रश्न मला शिकल्यासवरल्या माणसांनी विचारलेला आहे, म्हणून उत्तर जरा ऐसपैस देते.

शिमला, मसुरी, नैनिताल या बाजूला मे-जूनमध्ये गेलेल्या मंडळींनी झाडांवरून पांढऱ्या फुलांचे लोटच्या लोट खाली उतरताना पाहिले असतील. तो कूजा, शास्त्रीय नावाने रोझा ब्रुनोनी. काश्मीरपासून पूर्वेकडे हिमालयाच्या उतारांवर तो मोठमोठ्या झाडांच्या खांद्यांवर चढून बसतो. संस्कृतातले ‘कुब्जक’ हे नाव अभ्यासक ह्याच्याशीच जोडतात. दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत, शोला रानांच्या कडेला, रोझा लेशेनॉल्टियाना हा पांढरा गुलाब आहे. आणि मणिपूरच्या डोंगरांत आहे रोझा जायगँटिया, नावाप्रमाणेच राक्षसी. १८८२ मध्ये जॉर्ज वॅट यांनी तो मणिपुरात टिपला, १८८८ मध्ये हेन्री कॉलेट यांना तो ब्रह्मदेशातल्या शान डोंगरांत भेटला. हा उंच वृक्षांवर चढतो, आणि त्याचे फिकट पिवळसर पांढरे फूल तळहात झाकून टाकील एवढे मोठे असते.

या जायगँटियाची कथा ऐकण्यासारखी आहे. ईशान्य भारत, उत्तर ब्रह्मदेश आणि चीनचा युनान प्रांत हे त्याचे माहेर. चीनच्या बागांत त्याचा तिथल्या गुलाबाशी संबंध जुळला आणि त्यातून ‘टी रोझ’ म्हणतात तो गुलाबांचा वंश निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते गुलाब युरोपात गेले. तिथे त्यांचे पुन्हा संकर झाले आणि १८६७ चा ‘ला फ्रान्स’ हा हायब्रिड टी वर्गाचा मूळपुरुष मानला गेला. प्रदर्शनात ज्याच्या उंच कळीला आपण माना डोलावतो, त्याची एक पणजी या पूर्वेकडच्या डोंगरांतली रानवेल आहे! पणती विलायतेहून परत आली तेव्हा आपण तिला पायघड्या घातल्या. पणजीची मात्र कोणी विचारपूसही केली नाही.

कोणीच केली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गव्हाचे थोर संशोधक आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांनी गुलाबांवर आयुष्यभर प्रेम केले; या देशाच्या हवेत नवे वाण तयार केले आणि १९६६ मध्ये ‘द रोझ इन इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. पुढे एम. एस. वीरराघवन आणि त्यांच्या पत्नी गिरिजा या दांपत्याने तर या रानपणजीचाच हात धरला. वीरराघवन आय. ए. एस. मधले, ती नोकरी मुदतीआधी सोडून त्यांनी कोडाईकनालला गुलाब पैदा करण्याचे व्रत घेतले. १९९० मध्ये जायगँटिया पाहण्यासाठी दोघे मणिपूरच्या डोंगरांत जाऊन आले. उष्ण हवेत आनंदाने वाढतील असे गुलाब हवे असतील तर उष्ण हवेतल्या रानगुलाबांचे रक्त त्यांत आणले पाहिजे, हा त्यांचा विचार. ‘मणिपूर मॅजिक’, ‘गँजेस मिस्ट’ ही त्यांच्या गुलाबांची नावेच पाहा. थंड देशात घडलेला गुलाब आणून त्याला आपल्या उन्हात औषधावर तगवण्यापेक्षा हा मार्ग किती सरळ आहे!

‘गँजेस मिस्ट’च्या नावात गंगा आहे ती उगीच नव्हे. आपला चौथा रानगुलाब, आणि माझा सर्वांत लाडका, गंगेच्याच सखल मुलखातला. रोझा क्लिनोफिला. बंगाल-बिहारच्या नदीकाठांवर, पाणथळ जागी तो वाढतो. जिथे साधा गुलाब आठ दिवसांत मुळे कुजून मरेल तिथे हा पुराच्या पाण्यात पाय बुडवून उभा राहतो, आणि वर उन्हाळाही काढतो. जगातले बहुतेक गुलाब थंड आणि समशीतोष्ण देशांतले. गरम, दमट, चिखलाच्या मुलखात घर करणारा हा त्यांच्यातला विरळा. १८१७ मध्ये तो रदुते या चित्रकाराच्या गुलाबांवरील प्रसिद्ध ग्रंथात नावानिशी छापला गेला. १८३६ च्या सुमारास पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानात इराणाकडच्या एका गुलाबाशी त्याचा संकरही झाला. पॅरिसने त्याचे चित्र काढले, पॅरिसने त्याचे लग्न लावले. आणि ज्या देशात तो जन्मला त्या देशातल्या बागाइतांना त्याचे नावही ठाऊक नाही!

यजमानांच्या नोकरीमुळे माझी आठ वर्षे उत्तर बंगालात गेली. परत येताना तिथल्या एका स्नेह्यांच्या बागेतून क्लिनोफिलाची चार छाट कलमे मी ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली. त्यातली दोन जगली. आमच्या बागेच्या सखल कोपऱ्यात, जिथे पावसाळ्यात पाणी तुंबते आणि जिथे दोन नामांकित गुलाब आधीच स्वर्गवासी झाले होते, तिथे ती लावली. आज तिथे पुरुषभर उंचीचे काटेरी झुडूप आहे. त्याला औषधाचा थेंब लागलेला नाही. वर्षाला एक घमेले शेणखत, बस्स. शेजारच्या सूनबाई पहिल्या वर्षी म्हणाल्या होत्या, “काकू, हे काय बोरीचं झाड लावलंत?” उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यावर पांढरी फुले आली आणि त्यांच्या मुलाने त्यावर एका सकाळी चार प्रकारच्या माश्या मोजल्या, तेव्हापासून बोरीचे नाव निघालेले नाही.

इथे मला दुसऱ्या बाजूच्या मंडळींशीही दोन शब्द बोलले पाहिजेत. हल्ली ‘देशी’ या शब्दाचा बाजार फार तेजीत आहे. देशी गाय, देशी तूप, तसा ‘देशी गुलाब’. गुलकंदाचा तो सुगंधी गुलाबी गावठी गुलाब मलाही प्रिय आहे. पण तो इथल्या रानातला नव्हे. गुलाब हा शब्दच मुळी फारसी. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. सुगंधी दमिश्की गुलाबांचा हा सगळा परिवार पश्चिमेकडून आला, इथे रुळला, आपला झाला. त्याला आपला म्हणा, जरूर म्हणा, पण इथला रानगुलाब म्हणून विकू नका.

तसेच, भारताच्या सीमेच्या आत उगवतो म्हणून कोणताही रानगुलाब उचलून पुण्यात लावा, असेही मी म्हणत नाही. नकाशावरची रेघ झाडाला दिसत नाही. त्याला थंडी कळते, पाऊस कळतो, माती कळते. मसुरीच्या कूजाला हिवाळ्याची खरी थंडी लागते. त्याला पुण्याच्या वैशाखात उभे करणे म्हणजे पहाडातल्या आजोबांना कानटोपीसकट भर दुपारी मंडईत नेण्यासारखे आहे. तो तिथे पाहुणाच, हॉलंडच्या गुलाबाइतकाच पाहुणा. आणि खरे सांगायचे तर आपल्या महाराष्ट्राच्या सह्याद्रीला स्वतःचा असा रानगुलाब नाहीच. महाबळेश्वराच्या रानातल्या रासबेरीच्या काटेरी जाळ्या गुलाबाच्या कुळातल्या आहेत, एवढाच काय तो आपला सोयरसंबंध.

मग हा सगळा खटाटोप कशाला, असे तुम्ही विचाराल. कारण ‘देशी’ की ‘विलायती’ हा प्रश्नच चुकीचा आहे. हे झाड या जागेत आपल्या बळावर जगेल की नाही, हा खरा प्रश्न. कोकणात, मुंबईच्या आसपास, पुण्यातल्या पाणथळ अंगणात क्लिनोफिला त्या परीक्षेत उतरण्याजोगा आहे. उटी-कोडाईकडे ज्यांची घरे आहेत त्यांनी तिथला डोंगरी गुलाब लावावा. डेहराडून-नैनितालकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आहेत. त्यांनी कूजा सोडून कुंडीत कलमे पोसावीत याला मी करंटेपणा म्हणेन. आणि ज्यांच्या जागेत यांपैकी एकही बसत नाही, त्यांनी गुलाबाचा हट्टच सोडावा. सह्याद्रीच्या रानातली कुसर लावा. तिची पांढरी फुले कोणत्या गुलाबाला हार जातात?

आता आक्षेप. “रानगुलाब वर्षातून एकदाच फुलतो.” बहुतेक फुलतात ते एकदाच, कबूल. आंबाही वर्षातून एकदाच येतो. म्हणून आपण आंबा तोडून बारमाही पपई लावली काय? ज्याची वाट पाहावी लागते त्याचाच सण होतो. दिवाळी दर महिन्याला आली असती तर हा अंक तुम्ही हातात धरला असता काय? “पाकळ्या दोन दिवसांत गळतात.” प्राजक्त तर एका रात्रीत गळतो, आणि आपण तो जमिनीवरून वेचून देवाला वाहतो. “काटे फार.” म्हणूनच त्याला कुंपणापाशी लावा; सापडली तर बिनपगारी राखण. “जागा फार लागते.” ही मात्र खरी अडचण. हे झाड गॅलरीतल्या कुंडीचे नव्हे, आणि कुंडीत कोंबून त्याचे हाल करू नयेत. पण आज शहरात शेकडो सोसायट्यांच्या आवारात, शाळांच्या कुंपणांवर, कारखान्यांच्या भिंतींलगत जागा पडलेली आहे; तिथे आपण काय लावतो? परदेशी शोभेची, पाखराच्या काही उपयोगाची नाहीत अशी झाडे, ओळीने, शिपायांसारखी.

शेवटचा आक्षेप सर्वांत मोठा: “मिळतो कुठे?” सहजी मिळत नाही, हे खरे. मिळत नाही कारण कोणी मागत नाही. रोपवाटिकावाला हा दुकानदार आहे. दहा गिऱ्हाइकांनी एका हंगामात एकच नाव विचारले तर अकराव्यासाठी तो ते पैदा करून ठेवील. तेव्हा नाव पाठ करा आणि विचारा. वनस्पतिउद्याने आहेत, गुलाबप्रेमींची मंडळे आहेत, बंगालकडे नातलग आहेत. त्यांच्याकडून छाट कलम आणा, बी आणा. मात्र नदीकाठी उगवलेले झाड मुळासकट उपटून आणू नका. पाणथळ जागा बुजवून त्यांवर वस्त्या उठवण्याचे काम आधीच जोरात चालू आहे. त्यात आपल्या प्रेमाची कुदळ नको.

आणि लावलात तर एक करा. ऑक्टोबरात सिकेटरी बाहेर निघेल तेव्हा तिला याच्या वाऱ्यालाही उभी करू नका. रानगुलाब बहुतेक मागच्या वर्षीच्या फांद्यांवर फुलतो. दिवाळीत छाटलात तर येणारी सगळी फुले तुमच्याच हातांनी कापली म्हणून समजा. फुलून झाल्यावर, पावसाच्या आधी, वाळकी आणि गुंतलेली फांदी तेवढी काढावी. बाकी त्याला त्याच्या मनासारखे वाढू द्यावे. शिस्तीच्या माणसांना हेच सर्वांत अवघड जाते, हे मी घरातच पाहिले आहे.

अवघड जाते, कारण आपल्याला बाग म्हणजे आपल्या हुकमतीची जागा वाटते. पान ठिपक्याविना, कळी मापाची, कीड दिसता कामा नये. मुलेही तेच शिकतात: सुंदर ते नाजूक, नाजूक ते औषधाशिवाय न जगणारे, आणि जे स्वतःच्या बळावर वाढते ते ‘जंगली’, ते उपटण्यासाठी. पुढे ती मोठी होतात, नगरपालिकांत, कचेऱ्यांत बसतात आणि नदीकाठची झुडपे ‘साफ’ करण्याच्या कागदावर सही करतात. त्या सहीचे वळण त्यांनी आपल्याच गच्चीवर गिरवलेले असते. माझा राग आहे तो यासाठी.

म्हणून वाचकहो, या पाडव्याला घरातल्यांनी एकमेकांना काय द्यायचे ते द्यावे. पण बागेच्या एका कोपऱ्यात पंप न्यायचा नाही, एवढे सर्वांनी मिळून ठरवावे. तिथे जमिनीला मानवेल असे एखादे काटेरी, पाच पाकळ्यांचे झाड लावावे. पहिली एक-दोन वर्षे ते तुम्हाला काही देणार नाही. त्यानंतर एखाद्या सकाळी पोरे धावत येऊन सांगतील की बोरीला फुले आली आहेत. त्यांना नाव नीट शिकवा.